कड्यावरचं पिवळं फूल

पेनबॉन्ट, रॅडनर
१२ फेब्रुवारी १९६१

चि. एलुनेड हिला मॉरविदचे अ. आ.

वि. वि. काल चर्चबाहेर प्रोबर्टसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, तुमच्या बहिणीला क्रेगच्या कड्यावर पिवळं तारकाफूल सापडलं, आपल्या परगण्यात पहिल्यांदाच. मी ओढूनताणून हसले. जबडा अजून दुखतोय.

रानझाडं नोंदवायला प्रोबर्टसाहेबांनी आपल्या सगळ्यांना परगण्याच्या नकाशाचे चौकोन वाटून दिले, तेव्हा क्रेगचा चौकोन मला मिळाला. तिथलं शेवाळसुद्धा मी नोंदवलंय. दुसऱ्याच्या चौकोनात शिरताना निदान विचारावं. आणि ते फूल कुणाच्या बागेतून तिथं आलं नसेल कशावरून?

खोकला कसा आहे? गरम काही पीत जा.

तुझी थोरली,
मॉरविद


ग्वेर्नी फार्म
१५ फेब्रुवारी

ती. ताईस एलुनेडचा सा. न.

वि. वि. खोकला बरा आहे. फुलं शोधायला मी गेलेच नव्हते. आमच्या ह्यूची मेंढी कपारीत अडकली, तिला काढायला चढले. तिथं बाग करायला कोण जाईल, ताई? तू दर मे महिन्यात सँडविचचा डबा घेऊन क्रेगवर जातेस. हे फुलतं थंडीत, आणि थंडीत तू शेगडी सोडत नाहीस.

परगण्याच्या पुस्तकात पहिल्या नोंदीपुढे शोधणाऱ्याचं नाव छापतात. शाळेतली सगळी बक्षिसं तुझी होती. हे एवढं माझं असू दे.

दुसऱ्या कुणी पाहिल्याशिवाय प्रोबर्टसाहेब नोंद धरत नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून ते तुलाच पाठवणार आहेत. फूल एकच आहे. जपून जा.

राग ओसरला की लिही.

एलुनेड


पेनबॉन्ट
२१ फेब्रुवारी

चि. एलुनेड हिला अ. आ.

वि. वि. काल कडा चढले. दोनदा घसरले. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस, ह्यू वर्षभर पुरवून हसेल.

फूल आहे. कोटाच्या बटणाएवढं, आणि इतकं पिवळं की बघून चीड आली. बागेतलं नाही, हे खाली बसून बघायच्या आधीच कळलं. तरी भिंगातून पाहिलं, खोट सापडते का म्हणून. सापडली नाही.

वर चिटपाखरू नव्हतं. दोन बोटांत उपटलं असतं आणि मेंढीनं खाल्लं म्हणून कळवलं असतं. हातमोजा काढून झाला होता. मग वाटलं, उपटलं तरी ते आधी तुला दिसलेलंच राहणार. मोजा परत चढवला.

प्रोबर्टसाहेबांना कळवलंय: स्वतः पाहिलं, नोंद खरी, शोधणारी एलुनेड. पुस्तक निघालं की मला भेट देऊ नकोस. मी विकत घेईन. नव्या पुस्तकाची जोडलेली पानं सुरीनं कापताना तुझ्या नावाचं पान मात्र कापणार नाही, चिकटलेलंच राहू दे.

माया आहेच. बाकीचं जायला वेळ लागेल, मला घाई करू नकोस.

मॉरविद