राणीचं तोंड भिंतीकडे

नवरात्र, पाचवी माळ, संध्याकाळ

माझी खोडी एवढी पुढे जाईल असं वाटलंच नव्हतं.

शेजारच्या सरोजाक्कांनी त्यांच्याकडच्या नवरात्राच्या रिवाजानं पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्यात, सगळ्यात वर लाकडी राजाराणी. मी रोज प्रसादाची उसळ खायला जाते आणि कुणी बघत नसताना राणीचं तोंड भिंतीकडे फिरवून येते. बस, एवढंच. अक्का घाबरतात, मला हसू येतं.

आज अक्का बाहुल्या बघायला आलेल्या सगळ्या बायकांसमोर सुनेला म्हणाल्या, "दीपा, राणी रोज रुसतेय. मी घरच्या लक्ष्मीला अडवते ना, म्हणून. सरी, बरं, घे तू ती हेब्बाळच्या ऑफिसातली नोकरी." दीपावहिनी तिथंच रडायला लागली. मला तर नाचावंसं वाटलं. वहिनीला वर्षभर भांडून जमलं नाही, ते मी एका बोटानं केलं.

तेवढ्यात अक्का मला म्हणाल्या, "तू ये गं. कुमारिकेचा हात निर्मळ. तूच राणी सरळ कर."

निर्मळ? माझा? तोच हात? राणी सरळ करायला गेले, तर धक्क्यानं शेजारचा राजाच पडत होता.

खरं सांगितलं तर वहिनीची नोकरी जाते. नाही सांगितलं तर... खाली आमची टोळी विचारत होती, "काय झालं, सांग की." नाही सांगितलं. पहिल्यांदाच. अक्कांना कुणी हसलेलं आज मला चाललं नसतं.

वहिनी कामावर रुजू झाली की मीच अक्कांना सांगणार. मार बसला तर बसू दे. कारण राणीचं तोंड सरळ केलं ना, तेव्हा ती राजाकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.