वाजवलं की द्यायचं

५ जून

आले एकदाची! स्वतःची खोली, स्वतःची किल्ली आणि दाराला आतून कडी. दादाच्या घरी मी बैठकीतल्या दिवाणावर झोपायचे आणि पाहुणे आले की माझी उशीसुद्धा त्यांची व्हायची. जेवायच्या वेळी वहिनी बाकीच्यांना नावाने हाका मारायची, माझ्यासाठी मात्र ताटाच्या काठावर चमचा वाजवायची. सवय आहे तिची, मनावर घेऊ नकोस, असं दादा म्हणायचा. मी घेतलं मनावर. निघताना दोघांना तोंडावर सांगून आले, की यापुढे चमच्याच्या आवाजावर मी उठणार नाही. कुणाच्याही.

इथलं काम सोपं आहे. मालकीणबाई लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्यात. त्या येईपर्यंत घर राखायचं आणि बैठकीतल्या टाकीतला कॅटफिश सांभाळायचा. टाकी अख्खी भिंत व्यापून आहे, समोरचा सोफा तिच्यापुढे पाट वाटतो. मासा करडा, चपट्या डोक्याचा, लांब मिशांचा. दिवसभर लोळतो, खायला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. त्याचं नाव मी लगेच जावईबापू ठेवलं.

बाईंनी सगळं नीट समजावलं. खायला आठवड्यातून दोनदाच, संध्याकाळी, टाकीचा दिवा मालवून. आधी स्टीलच्या चमच्याने काचेवर टकटक करायची, म्हणजे तो वर येतो. पाण्यात हात घालायचा नाही. आणि एक गोष्ट त्या उंबऱ्यात थांबून पुन्हा बोलल्या, "वाजवलं की द्यायचं. द्यायला काही नसेल तर वाजवायचं नाही."

हो म्हटलं. यात अवघड ते काय?

१२ जून

जावईबापूंशी गट्टी जमली. टकटक केली की बूड हलवत वर येतात, मिशांनी काच चाचपतात आणि तोंड उघडतात. कोळंबी दिसेनाशी होते, नुसता घळ्ळ आवाज येतो. चावणं वगैरे भानगड नाही.

आठवड्यातून दोनदा हा नियम मी मोडला. रोज देते. खाणाऱ्याचं ताट मोजू नये, आणि ताट मोजलं जाणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. अंगही कसलं धरलंय त्याने! मी आले तेव्हा शेपूट टाकीतल्या खडकाशी संपायची, आता खडक ओलांडून पुढे जाते.

टाकीचा फिल्टर साफ करायला ॲक्वेरियमवाला दुकानदार आला होता. म्हणाला, "ताई, याचं पोट बघू नका, तोंड बघा. तोंडात मावेल ते त्याचं."

मी हसले. आमच्या वहिनीचंही तेच आहे, असं त्याला सांगितलं.

१९ जून

चमचा हरवला. टाकीच्या झाकणावर ठेवला होता, फटीतून आत घसरला असणार. तळाशी दिसत नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे गिळला असेल, हे लोक दगडही गिळतात आणि टाकतात. घाबरू नका.

घाबरतंय कोण? दुसरा चमचा काढला.

२१ जून

दुपारी जेवायला बसले होते. टकटक ऐकू आली. बैठकीत जाऊन बघते तर जावईबापू काचेला टेकलेले आणि ओठांतून चमच्याचं टोक बाहेर. डोकं हलवून काचेवर वाजवत होते. माझ्याच ठेक्यात.

आधी खूप हसू आलं. मग लक्षात आलं, की मी अर्ध्या जेवणावरून उठून आले आहे आणि हातात कोळंबीचा डबा आहे. फ्रिज कधी उघडला ते आठवेना.

संताप संताप झाला. एका चमच्यातून सुटले ती या मिशाळाच्या चमच्यावर नाचायला? डबा परत ठेवला. आज उपास घडू दे त्याला.

२४ जून

उपास चालूच आहे. दुकानदार म्हणाला, हे मासे महिनाभरही काढतात. काढ म्हणावं. मी खुर्ची टाकीसमोर ओढून माझं ताट त्याच्या नाकासमोर संपवते.

तो वाजवतो. मी बसून राहते. पण तोंडाला पाणी सुटतं, आणि पाय आपोआप उठू बघतात. मग मी खुर्चीचे हात घट्ट धरते.

उपासातही वाढतोय. आता वळताना अंग दुमडावं लागतं त्याला.

२६ जून

दादाचा फोन आला. परत ये म्हणाला, वहिनी आता नावाने हाक मारेल. जावंसं वाटलं, खोटं का बोलू? पण नाही म्हटलं. हरून परत जायचं नाही.

मग बाईंना फोन लावला. मी कशी आहे ते त्यांनी विचारलंच नाही. इतकंच विचारलं, "वाजवायला लागला का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग उठत जा, बाई. तुझ्या आधीची उठायची."

आधीची कुठे गेली, विचारलं. फोन ठेवला त्यांनी.

२८ जून

कानात कापूस घालून भाजी निवडत होते. भानावर आले ती टाकीपाशी, स्टुलावर. झाकण बाजूला. उजवी बाही खांद्यापर्यंत ओली.

मनगटाभोवती ओरखडे, काथ्याने घासल्यासारखे. गोल.

भीती वाटतेय. लिहून टाकलं, झालं. पण हे घर मी सोडणार नाही. दोघांतलं कुणी जायचं असेल तर तो जाईल.

२९ जून, सकाळ

कोळंबी, मासळी, सगळं कचऱ्यात टाकलं. घरात आता देण्यासारखं काही नाही, म्हणजे द्यायचा मोहही नाही. पाणी बदलायची नळी टाकीत सोडली, दुसरं टोक न्हाणीघरात. टाकी रिकामी होऊ दे.

पाणी उतरतंय. तो तडफडत नाही — बघतोय.

दुपार

पाठ उघडी पडली. अजून वाजवतोय — वाजव. मी खुर्चीत आहे.

थोड्या वेळाने

थांबला. तोंड उघडलं, चमचा तळाशी टाकला. हरला!

मी हात घालून चमचा उचलला. त्याच्या डोळ्यांसमोर काचेवर वाजवून दाखवला — टकटक — बघ, आता कोण वाजवतं —

वाजवला.

मी वाजवला. आणि घरात द्यायला —

झाकण मी लावलं नव्हतं. पाणी नाही, तरी तो टाकीच्या कडेवर — मिशा आधी, मग डोकं — तोंड उघडं, दारासारखं —

मी परत खुर्चीत. डावा हात अजून चमचा वाजवतोय, खुर्चीच्या दांड्यावर. थांबत नाही. उजव्याने लिहितेय.

फरशीवर ओलं घसटत —

दादा, वहिनी, ऐकताय ना — मी उठले नाही. उठणार नाही. यायचं असेल तर त्याने —