टकला नायक चालत नाही

बाबा, मागच्या शुक्रवारी तुमच्या राजबिंड्याला मी रंगमंचावर बघितलं, आणि त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. टोप नाही, टोपी नाही, फेटासुद्धा नाही. दिव्यांखाली डोकं चकचकत होतं आणि तो खुशाल नायकाचं काम करत होता. मी चौथ्या रांगेत होते. आजूबाजूला सगळी आमच्यासारख्या कंपन्यांतली पोरं, ऑफिसातून परस्पर आलेली, सॅका पायांत कोंबलेल्या, काहींच्या गळ्यात अजून ओळखपत्रं. मला वाटलं, आता कुजबुज होईल, कोणीतरी फिस्सकन हसेल. काही झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला लोक ते डोकं विसरले आणि दहाव्या मिनिटाला टाळ्या पडल्या. माझ्या मागची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "कसला भारी दिसतो ना?" मला तिचा इतका राग आला की मध्यंतरात मी चहाही घेतला नाही. त्या बिचारीचा काय दोष. राग तुमचा आला होता, आणि तुम्ही तर जाऊन नऊ वर्षं झाली.

तुम्ही चाळीस वर्षं नटांसाठी टोप केलेत. लोक विग म्हणतात, तुम्हाला तो शब्द आवडायचा नाही. विग दुकानात मिळतो, टोप करावा लागतो, म्हणायचात. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तुमचं लाकडी डोकं, त्यावर ताणलेली जाळी, आणि बारीक आकडीने एकेक केस ओढून गाठ मारत बसलेले तुम्ही. पाहुणे आले की आधी त्या लाकडी डोक्याला हलवावं लागे, मग पाहुण्यांना जागा. आणि तुमचं म्हणणं ठरलेलं होतं. टकला नट बाप होऊ शकतो, सावकार होऊ शकतो, वकील तर हमखास होऊ शकतो. टकला नायक चालत नाही. प्रेक्षक आधी केस बघतो, मग माणूस. कपाळावर एक बट, कानावरून मागे गेलेले केस, मानेवर थोडं वळण, एवढं जमलं की निम्मं काम झालं, बाकीचं लेखकाने करून ठेवलेलंच असतं. मी विचारायचे, "मग नटाने काय करायचं?" तुम्ही आकडी दातांत धरून म्हणायचात, "त्याने डोकं फार हलवू नये." आई आतून हसायची. तुमच्या त्या लाडक्या नटाला राजबिंडा हे नाव तिनेच ठेवलेलं. "तुमचा राजबिंडा आलाय हो, दारात केस सावरतोय," असं ती सांगायची, आणि तो खरंच दारात केस सावरत उभा असायचा.

मग एका वर्षी मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. गल्लीगल्लीत क्लास निघाले होते, आणि तुम्हाला वाटायचं मी टायपिंगच शिकतेय. त्याच वर्षी आईला कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, औषध सुरू झालं की केस जातील. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, केस वाळवून, स्वयंपाकघरात पाटावर बसून घट्ट वेणी घातली आणि तुमची मोठी कात्री माझ्या हातात दिली. माझा हात चालेना. "दे इकडे, भाजी चिरायला सांगितली तरी असंच करतेस," म्हणाली आणि मानेमागे हात नेऊन स्वतःच कापली. कंबरेच्याही खाली जायची ती वेणी. तशीच हातात घेऊन ती बाहेर तुमच्यापुढे आली. "घ्या. आयुष्यभर परक्यांची डोकी झाकलीत, आता माझं झाका." तुम्ही टेप घेऊन तिच्या डोक्याचं माप घेतलंत. शंभर नटांची मापं घेतलेला माणूस, पण त्या दिवशी तुम्ही आकडा तीनदा विसरलात आणि तिसऱ्यांदा मीच तो लिहून घेतला.

मग पंधरा दिवसांनी राजबिंडा आला, डोक्यावर क्रिकेटची टोपी ओढून. दार लावून घ्या म्हणाला आणि टोपी काढली. त्याला चाई पडली होती. चार ठिकाणी केस जाऊन रुपयाएवढे गोल, आणि एक कपाळाच्या अगदी वर, जिथे ती बट असायची. तो तुमच्या पायाशी बसून रडला हे मी बघितलंय, ते मी नाकारत नाही. नाटक नुकतंच उभं राहिलं होतं, महिन्यावर दौरा होता, आणि निर्मात्याने दुसरा मुलगा बघायला सुरुवात केली होती. केबलच्या मालिका आल्यापासून असे केसाळ मुलगे पुण्यात पैशाला पासरी होते. "अण्णा, मी संपलो," तो म्हणाला. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. नंतर तुम्ही तुमच्या नेहमीच्या केसवाल्याकडे दोनदा जाऊन आलात. चांगला लांब माल सगळा परदेशी जातो आता, असं सांगून त्याने तुम्हाला दोन्ही वेळा रिकामं पाठवलं.

मला कळलं ते जाळीवरून. लाकडी डोक्यावरची जाळी आईच्या मापाची नव्हती. माप मीच लिहिलं होतं ना. आणि केस आईचे होते, उन्हाने टोकांना जरासे तांबूस झालेले. मी दारात उभी राहून विचारलं, "बाबा, हे आईचे ना?" तुम्ही मान वर केली नाहीत. "त्याचं सगळं अडलंय गं. तिला दुसरे आणीन. तिचं काय, ती घरातच तर असते."

ती घरातच तर असते. बाबा, तुम्ही मला आयुष्यात कधी मारलं नाहीत, मोठ्या आवाजात बोलला नाहीत, क्लासची फी कधी चुकवली नाहीत. पण हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. मीटिंगमध्ये बसलेली असते, समोर कोणीतरी पडद्यावर तक्ते दाखवत असतं, आणि तुमचा आवाज येतो, अगदी सहज, भाजी आणली का विचारावं तसा.

आईसाठी तुम्ही लक्ष्मी रोडवरून नायलॉनचा एक तयार विग आणलात. तिने तो एकदा घालून आरशात बघितलं. "गौरीच्या मुखवट्याला लावतात तसं दिसतंय," म्हणाली, आणि काढून ठेवला. नंतर ती घरातही डोक्यावरून पदर घ्यायला लागली. लग्नानंतर सासरीसुद्धा कधी घेतला नव्हता. सुरुवातीला ती विचारायची, "झाला का हो माझा टोप?" तुम्ही म्हणायचात, "होतोय." हे मी आत बसून ऐकायचे आणि गप्प राहायचे. नंतर तिने विचारणं सोडलं. त्याऐवजी एके दिवशी म्हणाली, "मला राजबिंड्याचं नाटक बघायचंय." तुम्ही म्हणालात, दगदग होईल. ती म्हणाली, "खुर्चीत तर बसायचंय."

रविवारचा दुपारचा प्रयोग. तुम्ही आत रंगपटात, आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत. पडदा वर जातो. तो येतो. येतो आणि तुम्ही शंभरदा बजावूनही कपाळावरची बट बोटांनी मागे सारतो, आणि बायका टाळ्या वाजवतात. मी त्याच्याकडे बघत नाहीये, आईकडे बघतेय. तिचा हात पदराखाली जातो आणि डोक्यावर, मोकळ्या कातडीवर, थांबतो. किती वेळ कोण जाणे. पुढच्या प्रवेशात तो नायिकेच्या मांडीवर डोकं ठेवतो, ती त्याच्या केसांतून हात फिरवते, आणि आई एकटक बघत राहते, विणकाम शिकताना बघायची तशी. तो प्रवेश मी नंतर कितीतरी वेळा बघितला. आई चार महिन्यांनी गेली, आणि नाटक सहा वर्षं चाललं. दर रविवारी मी तुमच्याबरोबर यायला लागले. तुम्हाला वाटलं पोरगी मदतीला येते. मी केस बघायला येत होते. एकदा रंगपटात कोणी नसताना टोप उचलून नाकाशी धरला. गोंदाचा आणि त्याच्या घामाचा वास होता, शिकेकाईचा नव्हता. मी तो परत जागेवर ठेवला आणि बाहेर जाऊन तुमची टोपांची पेटी उचलली.

मला नोकरी लागली, आपण कर्वेनगरला राहायला गेलो, तुमचे हात थरथरायला लागले आणि आकडी सुटली. तेव्हापासून तुमचं विचारणं सुरू झालं. मी कंपनीच्या गाडीची वाट बघत डबा भरत असायचे आणि तुम्ही दारात येऊन म्हणायचात, "त्या दिवशी नाटकाहून येताना ती काही बोलली का गं?" मी म्हणायचे, "नाही." कधी तुम्ही दुसरीकडून यायचात. "तिला केस ओळखू आले असतील का?" मी म्हणायचे, "मला काय माहीत." "बरं," म्हणून तुम्ही आत जायचात. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत, आणि मला कळलं तुम्ही काय विचारताय. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले.

शुक्रवारी नाटक सुटल्यावर मी आत गेले. तो टॉवेलने डोकं पुसत होता. "अण्णांनी बघितलं असतं तर मला हाकलून दिलं असतं," म्हणाला. मी म्हटलं, "तेव्हाच असा उभा राहिला असतास तर?" त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "तेव्हा हिंमत नव्हती. आणि तेव्हा चाललं नसतं, किंवा चाललंही असतं, आता कोण सांगणार?" त्याला टोप कोणाच्या केसांचा होता हे माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही. मग तो आपणहून म्हणाला, "अण्णांची एक गंमत आठवते. तिसरी घंटा व्हायला आलेली असायची, आणि ते टोप दोन्ही हातांत धरून डोळे मिटून थांबायचे. मी घाई केली की म्हणायचे, थांब, तिला विचारतोय. दर प्रयोगाला. मला वाटायचं, रंगदेवतेला विचारतात."

मी बरं म्हटलं आणि रिक्षा करून घरी आले. सहा वर्षं, दर रविवारी, तुम्ही विचारत होतात, आणि उत्तर पेटी धरून शेजारी उभं होतं. म्हणून हे लिहायला बसले. पाठवायची सोय नाही, आणि असती तरी मी हे पाठवलं नसतं, मला ओळखता तुम्ही.

ती बोलली होती. रिक्षा लकडी पुलावर होती. पदर वाऱ्याने उडू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी धरला होता. "जाळी कुठे दिसली नाही बघ. हात बसलाय ह्यांचा. छान झालाय म्हणावं, सांग त्यांना." मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "आणि थोडे उरलेत का विचारशील? कपाळावर येण्यापुरते झाले तरी पुष्कळ. पदराखालून तेवढंच दिसतं." मी हो म्हटलं. आणि घरी येईपर्यंत स्वतःच्याच केसांची भीक तिने का मागायची, असं वाटून मला इतका संताप आला की मी तुम्हाला काही म्हणजे काही सांगितलं नाही. तुम्ही स्वतःहून यायला हवं होतं, बाबा. मी त्याची वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "बोललीस का त्यांच्याशी?" मी म्हटलं, "बोलले. बाबा म्हणाले, काही उरलं नाही."

ती बरं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. उरले होते की नाही, मला आजही माहीत नाही. तुम्हाला मी विचारलंच नव्हतं.