टेपचे कापलेले दोन इंच

अहो,

उठलात की आधी चहा गरम करून घ्या, मग वाचा. मी ज्येष्ठांच्या संकुलात चाललेय, तळमजल्यावरचा तो फ्लॅट भाड्याने घेतो म्हणून सांगायला. काल तिथून आल्यावर तुम्ही म्हणालात, खिडकीखाली जागा एक्कावन्न इंच आणि आपलं कटिंगचं टेबल बावन्न. टेबल मावत नसेल तर नको ते घर.

आज सकाळी मी टेबल पुन्हा मोजलं. धाकटी चार वर्षांची असताना तिने तुमच्या टेपचे पहिले दोन इंच बाहुलीच्या पट्ट्यासाठी कापले. तुम्ही ओरडायचं सोडून हसत बसलात आणि नवा टेप काही आणला नाहीत. तेव्हापासून प्रत्येक मापातून दोन वजा करता. काल खिडकीखाली केलेत, टेबलाला नाही. टेबल पन्नास इंचच आहे.

इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकाचा सदरा आखूड झाला नाही. तुम्ही विसरणारे नव्हेत. तुमच्या मशीनच्या आवाजात दोन्ही पोरी इथेच झोपायच्या, मलाही हे घर सोडवत नाही. पण परवा जिन्यात दहा मिनिटं बसून होतात, हे मला शेजारणीने सांगावं?

टेप सोबत नेतेय, पुन्हा मोजामोज नको. तो कापलेला तुकडा माझ्या बटणांच्या डब्यात होता, इथे टाचलाय. जपून ठेवा, तोही येणार आहे.

टेबल लावून एक इंच उरतो. आपल्याला भांडायला तेवढा पुरे.