रिकाम्या स्क्रीनला हात लावू नकोस

दादा,

मी हेडफोन आणायला चाललेय. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. लिनक्समध्ये स्क्रीनवरच्या खिडक्या मांडायचा नवा प्रोग्राम टाकलाय, त्यात आयकॉन नसतात, म्हणून स्क्रीन रिकामी दिसते. नेहमीसारखं पॉवरचं बटण दाबून धरू नकोस. माझे नकाशे या रिकाम्या स्क्रीनमागच्या दुसऱ्या पानावर उघडे आहेत.

काल ऑनलाइन मीटिंगमध्ये नकाशांचं काम देणाऱ्या बाईंना माझी स्क्रीन दिसेना, तेव्हा तू म्हणालास, "कर अजून लाड त्या लिनक्सचे!" केले. चूक सापडली, आता दिसते. काम मला द्यायचं की नाही ते बाई आज दुपारी ठरवणार, आणि मी नकाशे याच मशीनवरून दाखवणार.

लिनक्स काढून जुनी सिस्टीम परत टाकायला तू काढून ठेवलेला पेनड्राइव्ह मी बरोबर नेलाय. माझी एवढीच काळजी असेल, तर दुपारी वायफायवर सिनेमा लावू नकोस.

– छोटी