मधल्या एकोणसाठ प्रती

नाना, तुम्ही कोलशेतच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचात तेव्हा भंगारात काढायच्या वस्तूंवर खडूने फुली मारायचात, पण फुली मारली म्हणून लगेच काही उचलू द्यायचा नाहीत. कॉलेज सोडल्यावर मी, तुमचाच पोरगा, आठवडाभर तुमच्या हाताखाली होतो. एक चांगला व्हॉल्व्ह मी भंगारात टाकला. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "फुली कुनी मारली?" मीच. "नि उचलला कुनी?" तोही मीच. "मंग चुकलं ते सांगनार कोन रं तुला? तुजा बापूस?" माणसं हसली. मी दुसऱ्या दिवसापासून आलो नाही.

पुढे कॉम्प्युटर शिकलो तो क्लास न लावता. लिहिण्याचा एक साधा, जुना एडिटर, त्याची मदतीची पानं वाचून वाचून पाठ केला. घोडबंदर रोडच्या ऑफिसात इंजिनीअर झालेली पोरं अजून मला विचारायला येतात. तुम्ही रिटायर होऊन टिटवाळ्याला आमच्याकडे आलात तेव्हा तोच एडिटर तुम्हाला शिकवला. "पडद्यावर बोट नका लावू, नाना." "मंग कुटं लावू, तुज्या टालक्यात?" रोज सकाळी आंघोळ करून तुम्ही बसायचात आणि एका बोटाने तुमच्या आईबद्दल लिहायचात, ती मिठागरावर जायची त्याबद्दल. मी कधी वाचलं नाही. शुद्धलेखन बघून डोकं फिरेल, म्हणून.

त्या एडिटरची एक सोय अशी की रोज पहिल्यांदा सेव्ह केलं की आदल्या दिवसाची प्रत आकडा लावून बाजूला ठेवली जाते. तुमच्या त्रेसष्ट प्रती साठलेल्या. फोल्डर बघून मला कसंतरी व्हायचं. एका रविवारी मी बसलो. एक कळ दाबली की तो पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन प्रती सोडून मधल्या सगळ्यांपुढे पुसण्याची खूण करतो. एकोणसाठ नावांपुढे एका सरळ रेषेत खुणा उभ्या राहिल्या. मला ते सुंदर दिसलं. नुसत्या खुणेने काही पुसलं जात नाही, हेही मला माहीत होतं. त्याने यादी दाखवून विचारलं, नक्की पुसू? मी एकही प्रत न उघडता हो म्हटलं. नवं ते चांगलं, यात बघायचं काय?

तुम्ही विसरायला लागलेलात, नाना. चहा घेऊन परत मागायचात, ते मी चेष्टेवारी नेत होतो. त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "मी ल्हिलेला वाचून दाव ना." मी चालू फाइल उघडली. 'माझी आई मिठावर जायची.' खाली तेच वाक्य. अकरा वेळा. शेवटच्या दोन्ही प्रतींत तेच. पहिलीत फक्त तुमचं नाव, दुसरीत चार ओळी. आई मिठावर जाऊन काय करायची, पायांचं काय व्हायचं, काय गायची, तुम्ही लिहिताना पुटपुटायचात ते सगळं मधे होतं. रोज थोडं थोडं तुमच्याच हातून पुसलं जात होतं, आणि ज्या दिवसांत ते शाबूत होतं ते दिवस मी काढून टाकलेले.

बायको दारात उभी होती. मी म्हणालो, "नाना, तुमच्याच हातून पुसलं गेलंय बघा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग तिच्याकडे. "आसंल," म्हणालात, "माजाच हात लागला आसंल." आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलात. त्यानंतर कीबोर्डला शिवला नाहीत. पुढच्या वर्षी गेलात. त्याला आता बारा वर्षं झाली.

आज ती चार पोरकी नावं त्याच फोल्डरमध्ये आहेत, आणि हे पत्र त्यांच्या शेजारी ठेवतोय. ते कोणाला वाचायला दिलेलं नाही. बायको अजून कोणी विचारलं की सांगते, सासऱ्यांनी खूप लिहिलेलं हो, पण शेवटी त्यांच्याच हातून गेलं. मी तिथेच बसलेला असतो.