बसून घेतलेली उभी बैठक

तीर्थरूप मावशीस,

थोरल्या भाच्याचा वाकून (आणि लगेच कंबर धरून) नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचं घोरणं अजून शेजाऱ्यांपर्यंत पोचतं का?

आमच्या ऑफिसात कामाची नवी पद्धत आली, म्हणजे मीच आणली. तिला अजाइल म्हणतात. सॉफ्टवेअर थोडं थोडं करायचं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, चुकलं तर सुधारायचं, आणि रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्या दोन शब्द बोलून कामाला लागायचं. (पाय दुखले की माणूस आटोपतं घेतो म्हणे. हा नियम करणाऱ्याने मला बोलताना ऐकलेलं नसावं.) मी एकेकाची उलटतपासणी घ्यायचो. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लावल्या. पंखा सुरू केला की निम्मं काम उडून जायचं. गिऱ्हाइकाला मात्र काहीच दाखवलं नाही, अजून जरा चांगलं होऊ दे म्हणत राहिलो. शिवाय ‘मन मोकळं करा’ अशीही एक बैठक असते. मी हाताची घडी घालून समोर बसलो की सगळ्यांची मनं भलतीच समाधानी निघायची.

आमच्याकडे चुका शोधणारी एक मुलगी आहे. आम्ही तिला भिंगबाई म्हणतो. तिला दिवस गेलेत, आता भरतही आलेत. मध्यंतरी मी चिठ्ठ्यांच्या रंगांवर बोलत असताना ती मुकाट्याने भिंतीला टेकून खाली बसली. मी काही म्हणणार, तोच शेजारचा बसला, मग सगळेच. मी एकटाच विजेच्या खांबासारखा उभा. शेवटी मीही बसलो. (कंबर गेली ती इथे.)

तेव्हा भिंगबाई म्हणाली, “सर, प्रत्येकाचा तुकडा नीट चालतो. एकत्र जोडले की सगळं बंद पडतं. कधीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होते. पण तुम्ही थांबत नव्हता, आणि मला उभं राहवत नव्हतं.”

मावशी, मी उठून तिच्यासाठी खुर्ची आणली (मला उठवायला दोघं लागले). त्या दिवशी मी गप्प राहिलो आणि बाकीचे बोलले. गिऱ्हाइकाला होतं तसं अर्धवट दाखवलं. ते आधी चिडले, मग खुर्ची ओढून आमच्यातच बसले. आता काम मार्गी लागतंय.

तुझा,
थोरला

ता. क. भिंगबाईच्या बाळासाठी आम्ही सगळ्यांनी वाटून घेऊन स्वेटर विणलाय. सोबतच्या पुडक्यात चार बाह्या आहेत. अंग कोणीच घेतलं नव्हतं. तेवढं विणशील ना?

ता. ता. क. बाह्यांची मापं जुळत नाहीत. भिंगबाईला दाखवता येत नाही, तिला आत्ताच कळायला नको. आणि जरा लवकर कर. ही तारीख पुढे ढकलता येणार नाही, आणि आम्हाला असल्या तारखांची सवय नाही.